नदीचं मूळ, कर्णाचं कूळ

कोल्हापूर जिल्ह्याने मराठीला दोन कर्ण दिले. पहिला आजऱ्याच्या शिवाजी सावंतांचा. कोल्हापुरात शाळेत शिकवता शिकवता त्यांनी ‘मृत्युंजय’ लिहिली. १९६७ साली ती आली तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. दुसरा चंदगड तालुक्यातल्या कोवाडच्या रणजित देसाईंचा, १९७३ सालचा ‘राधेय’. या दोघांच्या आधी, १९५९ मध्ये, कोल्हापुरातच राहणाऱ्या वि. स. खांडेकरांनी आदिपर्वातला ययाति उचलला, त्याच्याभोवती नवी माणसं उभी केली, मूळ कथेत नसलेली अलका आणली, आणि त्या कादंबरीने पुढे मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून दिलं. एका जिल्ह्यात, पंधरा वर्षांच्या आत, तीन लेखक एकाच कामाला लागले होते: व्यासांनी जिथे ओळ संपवली तिथून पुढे बोलायचं.

या कामाला हल्लीची पोरं फॅन थिअरी म्हणतात. एखाद्या अद्भुत गोष्टीतलं पात्र आलं कुठून, त्याचे खरे आईबाप कोण, त्या जगाचे कायदे काय, नकाशात दाखवलेल्या डोंगरापलीकडे काय आहे, यावर वाचक-प्रेक्षकांनी आपापला तर्क लढवायचा. १० जुलै २०१५ ला ‘बाहुबली’चा पहिला भाग लागला आणि २८ एप्रिल २०१७ ला दुसरा येईपर्यंत कटप्पाने बाहुबलीला का मारलं यावर सगळा देश बोलत होता. रंकाळ्याच्या कट्ट्यापासून एसटीच्या शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येकाकडे उत्तर होतं, आणि बऱ्याच जणांचं उत्तर दिग्दर्शक राजामौलींच्या उत्तरापेक्षा बरं होतं, असं माझं मत आहे. थोरामोठ्यांना हा पोरखेळ वाटतो. पण ज्या घरात ‘मृत्युंजय’ची पारायणं झाली, ज्या घरात कर्णावरून जेवणाच्या पंगतीत भांडणं झाली, त्या घराने तरी या पोरांना हसू नये. एका सार्वजनिक वाचनालयातली ‘मृत्युंजय’ची प्रत माझ्या हाती आली होती. पुठ्ठा तीनदा शिवलेला, समासात पेन्सिलीने लिहिलेलं: ‘कृष्णाला आधीपासून ठाऊक होतं तर त्याने युद्धाच्या तोंडावरच का सांगितलं?’ त्याखाली वेगळ्या, तिरप्या अक्षरात: ‘कारण आधी सांगितलं असतं तर पुस्तक संपलं असतं.’ त्याखाली तिसऱ्या हाताने फक्त ‘बरोबर’. पुस्तकावर लिहू नये हे खरं. पण हे तिघं एकमेकांना न भेटता जे करत होते ते वाचनच होतं, आणि चांगल्या दर्जाचं.

तेव्हा वाद थिअरी करावी की करू नये हा नाहीच. वाद आहे तो कोणती थिअरी चांगली, याचा. माझं म्हणणं असं की पात्राच्या जन्माविषयीचे आपले बहुतेक तर्क एकाच दिशेने धावतात, वर. अनाथ पोर दिसलं की तो राजपुत्र असणार. गुराखी दिसला की देवाचा अंश असणार. वाचकाला आवडत्या पात्राला थोर बाप मिळवून द्यायची एवढी घाई असते, की गोष्ट नेमकी त्याच घाईविरुद्ध काही सांगत असेल तर ते त्याला ऐकूच येत नाही. आणि याचा सगळ्यात मोठा बळी कर्ण आहे.

रंगमंडपातला प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. द्रोणाच्या शिष्यांची परीक्षा चालली आहे, कर्ण येऊन अर्जुनाला आव्हान देतो, आणि कृपाचार्य मध्ये पडतात. अर्जुन हा पांडूचा आणि कुंतीचा मुलगा, कुरुकुळातला. आता तूही तुझ्या आईबापांची नावं सांग, कूळ सांग, मग लढाई. कर्णाची मान खाली जाते. इथे दुर्योधन जे बोलतो ते महाभारतातल्या अत्यंत शहाण्या बोलण्यांपैकी आहे, आणि ते खलनायकाच्या तोंडी आहे हे व्यासांचं धारिष्ट. तो म्हणतो, शूरांचा आणि नद्यांचा उगम कळणं कठीण. द्रोण कलशातून आले, कृप शरांच्या बेटातून, तुम्हा पांडवांचे जन्म कसे झाले तेही आम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. दुर्योधनाने ऋषीच्या जागी शूर घातला. गंमत अशी, की विचारू नये म्हटलं तेच आपण विचारत आलो. कोल्हापूरची पंचगंगाच घ्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार डोळ्यांना दिसतात. नावात पाच आहेत म्हणून पाचवी गुप्त सरस्वती मानली गेली. प्रयाग चिखलीच्या संगमावर उभं राहून ती कुणाला दाखवता येत नाही, पण हिशेब जुळला पाहिजे. जगाची उभारणी अशीच होते: आधी आकडा ठरतो, मग त्या आकड्यासाठी एक नदी जमिनीखालून वाहू लागते.

व्यास मात्र नद्यांच्या बाबतीत भलतेच काटेकोर आहेत. वनपर्वात कुंती बाळाला पेटीत ठेवते, पेटीला मेण लावते आणि अश्वनदीत सोडते. अश्वनदीतून पेटी चर्मण्वतीत जाते, चर्मण्वतीतून यमुनेत, यमुनेतून गंगेत आणि गंगेतून अंगदेशातल्या चंपेला. नकाशा उघडून बघा. चर्मण्वती म्हणजे चंबळ, ती यमुनेलाच मिळते, यमुना प्रयागला गंगेत, आणि चंपा म्हणजे आजच्या भागलपूरच्या जवळपासचा भाग. शेकडो कोसांचा प्रवास, एकही वळण चुकलेलं नाही. कवचकुंडलं घेऊन जन्मलेलं मूल, सूर्य बाप, हे सगळं अद्भुत. पण पेटी ज्या पाण्यावरून जाते ते पाणी खरं. अद्भुत कथा लिहिणाऱ्याने यातून शिकावं असं बरंच आहे. आपल्याकडचे पुष्कळ लेखक चमत्कार भरपूर घालतात आणि मेण लावायला विसरतात.

आता पुराव्याकडे. चांगल्या थिअरीला संहितेतला दुवा लागतो, आणि असे दुवे पेरण्यात व्यासांना तोड नाही. युद्ध संपतं, मेलेल्यांना पाणी देण्याची वेळ येते, तेव्हा कुंती सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ. पुढे शांतिपर्वाच्या सुरुवातीला युधिष्ठिर नारदाला एक गोष्ट सांगतो. द्यूतसभेत कर्ण नको ते बोलत होता, मला संताप आला होता, पण त्याच्या पायांकडे नजर गेली की राग उतरायचा. ते पाय कुंतीच्या पायांसारखे होते. हे असं का, याचं कारण मी शोधत राहिलो, मला सापडलं नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथात जन्माच्या रहस्याचा सगळ्यात नाजूक पुरावा हा आहे: पाय. तोही आपल्याला उत्तर कळल्यानंतर मिळतो. युधिष्ठिर हा महाभारताच्या आतला पहिला थिअरीवाला म्हणायला हवा. दुवा हाती होता, तर्क अपुरा पडला, आणि त्याची किंमत भावाच्या प्रेताने चुकवावी लागली.

याच युधिष्ठिराच्या जन्मावर मराठीतली सर्वोत्तम थिअरी लिहिली गेली आहे. इरावती कर्वे यांची ‘युगान्त’ १९६७ चीच, ‘मृत्युंजय’च्या वर्षातली, पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात त्या विचारतात की युधिष्ठिराचा बाप विदुर असेल का? पुरावे सगळे संहितेतले. विदुर हा शापामुळे दासीच्या पोटी आलेला यमधर्म, आणि युधिष्ठिर हा धर्माचा मुलगा. नियोगाला दीर चालतो, आणि विदुर पांडूचा धाकटा भाऊ. पांडव वनात गेले तेव्हा कुंती विदुराच्या घरी राहिली. शेवटी, आश्रमवासिक पर्वात, हाडांचा सापळा झालेला विदुर रानात पळतो आणि युधिष्ठिर त्याला हाका मारत मागे धावतो. विदुर एका झाडाला टेकून उभा राहतो, युधिष्ठिराच्या डोळ्यांत डोळे घालून बघतो आणि योगबळाने आपले प्राण त्याच्या देहात घालतो. बापाने मरताना मुलाच्या ठायी आपलं सगळं सोपवावं तसं. इरावतीबाईंनी हे सगळं मांडलं, त्याविरुद्धच्या शंकाही मांडल्या आणि प्रश्न प्रश्न म्हणूनच ठेवला.

या थिअरीची ताकद कुठे आहे ते बघा. ती कुणाला वर चढवत नाही. उलट धर्मराजाला खाली आणते. विदुराला धर्म कळत होता, शहाणपण होतं, व्यासांचं रक्त होतं, पण आई दासी म्हणून सिंहासन नाही. युधिष्ठिर जर त्याचा मुलगा असेल, तर ज्या राज्यासाठी अठरा अक्षौहिणी मेल्या त्यावरचा त्याचा हक्कच डळमळतो. आणि मग कर्णाशेजारी त्याला उभा करून पाहिलं की अंगावर काटा येतो: ज्याला जन्मभर सूतपुत्र म्हणून हिणवलं तो कुंतीचा थोरला, आणि ज्याच्यासाठी हिणवलं तो दासीचा नातू. थिअरी खरी असो वा नसो, ती मान्य करायची तर काहीतरी गमवावं लागतं. माझ्या लेखी चांगल्या थिअरीची खूण हीच.

तिच्याशेजारी दुर्वासाची थिअरी ठेवून पाहा. कर्ण सूर्याचा कसा असेल, कुंतिभोजाच्या घरी महिनोन्‌महिने पाहुणचार घेत होता तो दुर्वास, तोच बाप असणार. हे महाराष्ट्रात कुठल्याही महाभारतावरच्या गप्पांत ऐकायला मिळतं. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर भाबड्या लोकांना शहाणं केल्याचं समाधान असतं. पण ही थिअरी उलगडते किती? कवचकुंडलांचं काय करायचं? पाठ तापेपर्यंत पाण्यात उभं राहून जप करणारा कर्ण, इंद्र ब्राह्मण होऊन येणार म्हणून स्वप्नात सावध करणारा सूर्य, हे सगळं उपटून फेकायचं आणि त्या बदल्यात हाती काय लागतं, तर एक पाहुणा आणि एक मुलगी. अद्भुतातून अद्भुत काढून टाकणं म्हणजे थिअरी नव्हे. अद्भुताच्या नियमांत बसून जे अडतं ते सोडवायचं असतं.

कर्णभक्तांचा सगळ्यात आवडता आधार तर आणखी कच्चा आहे. कर्ण द्यूतसभेत द्रौपदीविषयी अतिशय घाणेरडं बोलला, तिची आणि पांडवांची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला त्यानेच सांगितलं. हे कसं पचवायचं? तर म्हणे स्वयंवरात द्रौपदीने भर मंडपात ‘सूताला वरणार नाही’ असं म्हटलं होतं, त्याचा तो सल होता. कादंबऱ्यांनी, नाटकांनी, मालिकांनी हा प्रसंग इतका गडद केला की त्यावाचून कर्ण आपल्याला सुचतच नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ला हाती घेतलेली आणि १९६६ ला पुरी झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडली तर मुख्य संहितेत हे वाक्य नाही. एक हजार दोनशे एकोणसाठ हस्तलिखितं धुंडाळून केलेलं काम आहे ते. संपादक सुकथनकर आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी थोड्याच पोथ्यांत सापडणारा हा प्रसंग तळटीपेत टाकला. गणपती लेखनिक झाल्याची कथाही तशीच मुख्य संहितेबाहेर गेली. म्हणजे ज्या अपमानावर आपण कर्णाच्या नीचपणाला पन्नास वर्षं माफी देत आलो, तो अपमान कुणा जुन्या वाचकाची थिअरी होता. त्यालाही बहुधा तोच प्रश्न पडला असावा: एवढा थोर माणूस असं कसं वागेल? काहीतरी कारण असलंच पाहिजे. मग त्याने पोथीत ते कारण लिहून टाकलं. पेन्सिलीऐवजी बोरूने, एवढाच फरक.

दाजीशास्त्री पणशीकरांनी ‘कर्ण खरा कोण होता?’ लिहून या कौतुकाला चाप लावायचा प्रयत्न केला. त्यांचा आवेश मला पुष्कळदा अति वाटतो. कर्णाचं सोनं करणाऱ्यांइतकाच त्याचा कोळसा करणाराही घाईत असतो. पण संहितेकडे परत चला, हा त्यांचा आग्रह रास्त आहे.

लोककलावंतांनी मात्र याच जागी वेगळं धाडस केलं. विठ्ठल उमपांनी गाजवलेल्या ‘जांभूळ आख्याना’त द्रौपदीचं मन कर्णावर जडतं. कृष्णाला ते कळतं, तो सगळ्यांना रानात नेतो, तिथे ऋषीचं जांभूळ तोडलं जातं, आणि ते परत देठाला लागायचं तर प्रत्येकाने मनातलं खरं बोलायचं. पाची पांडव बोलून होतात. द्रौपदी खरं बोलते तेव्हा जांभूळ जागेवर बसतं. व्यासांत याला आधार शोधू नये, सापडणार नाही. पण बघा, या थिअरीनेही कुणाचं कूळ वाढवलं नाही. तिने पतिव्रतेच्या मनात एक फट पाडली आणि गावच्या जत्रेत, बायाबापड्यांसमोर, ती फट उघडी ठेवली. स्वयंवरातला तळटीपेत गेलेला प्रसंग द्रौपदीला उद्धट करून कर्णाला सोडवतो. आख्यान कुणालाच सोडवत नाही.

आता सावंतांकडे परत येतो, कारण माझी खरी अडचण तिथे आहे. ‘मृत्युंजय’ मोठी कादंबरी आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून ती बोलते; ज्या बाईला व्यासांनी वृषसेनाची आई यापलीकडे ओळख दिली नाही तिला सावंतांनी ‘वृषाली’ म्हणून बोलतं केलं, आणि आज अर्ध्या महाराष्ट्राला ते नाव व्यासांचंच वाटतं. जातीपायी ज्याचं ज्ञान नाकारलं, ज्याला दारातून परत पाठवलं, अशा प्रत्येक पोराने त्या पुस्तकात आपलं दुःख वाचलं. ते वाचन खोटं नव्हतं. पण हा कर्ण पहिल्या पानापासून सोन्याचा आहे. त्याची कातडी वेगळी, कुंडलं तेजाची, सूर्याशी त्याचं गूज. तो सूताघरी वाढला तरी सूत नाही, हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं आहे. म्हणजे जन्मावरून माणूस ठरवू नका असं कादंबरी ओरडून सांगते, आणि त्याच वेळी जन्मावरूनच त्याला ठरवते. अन्याय कोणता झाला? तर खऱ्या क्षत्रियाला चुकून सूत समजलं, हा! मग जो खरोखरच सूत होता त्याच्यावर झालेल्याला काय म्हणायचं?

हे दुखणं एकट्या आपलं नाही. ‘स्टार वॉर्स’च्या चित्रमालिकेतली रे ही भंगार वेचून जगणारी मुलगी. तिचे आईबाप कोण यावर जगभरच्या चाहत्यांनी दोन वर्षं डोकं चालवलं. २०१७ च्या चित्रपटाने सांगितलं, कुणीही नाहीत, दारूसाठी पोर विकणारी सामान्य माणसं. मला ते त्या मालिकेतलं सगळ्यात धीट वाक्य वाटलं. पुष्कळ चाहते खवळले, आणि २०१९ च्या चित्रपटात तीच रे दुष्ट सम्राटाची नात निघाली. आजा खलनायक चालेल, पण मोठा हवा. जॉर्ज मार्टिन यांच्या १९९६ मध्ये सुरू झालेल्या कादंबरीमालेतला जॉन स्नो हा अनौरस मुलगा. वाचकांनी बारीकसारीक दुव्यांवरून तो राजवंशाचा आहे हे फार आधी ताडलं आणि पुढे टीव्ही मालिकेने ते खरं केलं. तर्क म्हणून तो अप्रतिम होता, प्रत्येक दुवा पुस्तकातला. पण त्याचीही दिशा तीच, वर. आपल्याकडचा कर्ण या सगळ्यांचा थोरला भाऊ, आणि त्याच्या गोष्टीत रहस्य उघडल्यावर जे घडतं ते या दोघांपैकी कुणाच्याही वाट्याला तेवढ्या ताकदीने आलेलं नाही.

काय घडतं? उद्योगपर्वात कृष्ण त्याला रथात घेऊन सांगतो की तू कुंतीचा, पांडवांत थोरला. चल, राज्य तुझं. जगातल्या प्रत्येक अनाथ नायकाच्या गोष्टीत हा परमोच्च क्षण असतो. कर्ण म्हणतो, मला ठाऊक आहे. आणि नाही म्हणतो. का, तर अधिरथाने मला घरी आणलं त्या दिवशी माझ्या मायेने राधेला पान्हा फुटला. तिने माझं हगणंमुतणं काढलं. तिचा पिंड मी कसा तोडू? माझी लग्नं सूतांच्या घरांत झाली, मुलं झाली, नातवंडं झाली. पृथ्वी दिली तरी हे खोटं होणार नाही. शिवाय युधिष्ठिराला हे सांगू नकोस म्हणतो. कळलं तर तो राज्य माझ्यापुढे ठेवील आणि मी ते दुर्योधनाला देईन.

कुणी म्हणेल, जन्माचं रहस्य काढलं तर कर्णाची शोकांतिकाच उरत नाही. भावाने भावाला मारलं, हेच तर तिचं काळीज. खरं आहे. व्यासांना ते रहस्य हवंच होतं. पण त्यांनी ते फास म्हणून वापरलं, बक्षीस म्हणून नाही. कूळ कळल्याने कर्णाचं काहीही भलं होत नाही, आणि तो ते अंगाला लावूनही घेत नाही. देसाईंनी कादंबरीला नाव देताना राधेची बाजू घेतली, हे मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. पुस्तक म्हणून मी ‘मृत्युंजय’ला वर मानतो, नाव म्हणून ‘राधेय’ला. योगायोग म्हणा, पण दत्तक जाणं कोल्हापूरला परकं नव्हतं. खांडेकर सांगलीत गणेश आत्माराम म्हणून जन्मले आणि दत्तक जाऊन विष्णु सखाराम झाले. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक येऊन कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले.

आणि कृपाचार्यांचा प्रश्न या शाहू महाराजांनाही विचारला गेला, तो गोष्टीत नव्हे. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत होते, कारण त्यांच्या लेखी राजा शूद्र. कूळ सांग! वेदोक्ताचं ते प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. महाराजांनी दोन उत्तरं दिली. एक, आम्ही क्षत्रिय आहोत. त्या वाटेने १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूंचं पीठ उभं राहिलं. दुसरं उत्तर २६ जुलै १९०२ चं, संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासवर्गीयांना. पहिलं उत्तर ‘मृत्युंजय’च्या बाजूचं आहे: तुम्ही आम्हाला चुकीचं ओळखलंत. दुसऱ्यात कुणाला आपला पूर्वज सूर्य होता हे सिद्ध करावं लागत नाही. सूताचा मुलगा सूताचा मुलगा म्हणूनच दारातून आत येतो. इतिहासात दोन्हीची गरज पडली असेल, त्यात मी पडत नाही. पण कादंबरीवाल्यांनी आणि आपण वाचकांनी पहिलंच उत्तर पुन्हा पुन्हा का गिरवलं, हे विचारायला हवं. कोल्हापूरकरांनी तर जास्तच.

कोल्हापूरच्या देवीच्या बाबतीतही आपला प्रश्न असाच अडतो. भक्ताला मी चाहता म्हणत नाही, आणि पुराण म्हणजे कादंबरी नव्हे. तरी करवीर माहात्म्य वाचताना गोष्ट रचणाऱ्याचं डोकं दिसतं: कोल्हासुराने मरताना गावाला आपलं नाव मागून घेतलं, त्र्यंबोलीला आनंदसोहळ्याचं बोलावणं राहिलं म्हणून ती टेकडीवर रुसून बसली आणि म्हणून ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिची समजूत काढायला जाते, कोहळा फुटतो. तिरुपतीची कथा तर दोन वेगळी जगं जोडणारी: नवऱ्यावर रुसून लक्ष्मी करवीरला, म्हणजे कोल्हापूरला आली, म्हणून तिकडून आजही शालू येतो. इथपर्यंत ठीक. मग वाद पेटतो की ही नक्की कुणाची बायको, विष्णूची की शंकराची. मूर्तीकडे बघावं. हातांत म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र, मस्तकावर नाग आणि लिंग, मागे सिंह. हे वर्णन सप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यातल्या महालक्ष्मीशी जुळतं. आणि तिथली महालक्ष्मी कुणाचीच बायको नाही. ती आद्या आहे. तिच्यापासून महाकाली, महासरस्वती झाल्या, ब्रह्माविष्णुमहेशही तिच्या पसाऱ्यातले. दोन्ही पक्ष जिच्यासाठी थोर नवरा शोधतात ती स्वतःच मूळ निघाली, तर शोधणाऱ्यांची पंचाईत होणारच. कर्णाला बाप पाहिजे, देवीला नवरा पाहिजे. त्यांचं त्यांना काही पाहिजे असेल, हे आपल्या मनात येत नाही.

टोल्किन यांचा टॉम बॉम्बॅडिल हा असाच एक. अंगठीच्या त्या अवाढव्य गोष्टीत हा गाणारा, निवांत गृहस्थ कोण, कुठला, याचा कुणालाच पत्ता लागत नाही. १९५४ च्या एका पत्रात टोल्किन यांनी लिहिलं की पुराणकाळातही काही कोडी असायला हवीत, आणि टॉम हे जाणूनबुजून ठेवलेलं कोडं आहे. ज्याने भाषा, पंचांग, वंशावळी, चंद्राच्या कला सगळं बसवलं, त्याने एक माणूस वंशावळीबाहेर ठेवला. चाहते अजून त्याला कुठल्या ना कुठल्या देवकुळात बसवायच्या खटपटीत आहेत. त्यांना बसवू दे. मजा येते वाचायला.

मला स्वतःला हवी असलेली थिअरी मात्र कुणी लिहिलेली नाही. अधिरथाला आणि राधेला कर्णानंतर स्वतःची मुलं झाली. त्यांतला संग्रामजित विराटाच्या गायींच्या लढाईत अर्जुनाच्या हातून मेला. आणखी भाऊ कुरुक्षेत्रावर गेले. ते कुणी रथी-महारथी नव्हते. थोरल्याच्या मागून रणात उतरले आणि एकेक ओळीत संपले. त्यांना आपला थोरला भाऊ आपला नाही हे कधी कळलं होतं का? पेटी नदीतून आली हे घरात उघड होतं की दडवलेलं? कर्णाने कवच कापून दिलं तेव्हा चंपेच्या घरात कोण काय बोललं? स्त्रीपर्वात रणभूमीवर गांधारी कर्णाच्या बायकोचा आक्रोश दाखवते, कुंती पुढे येऊन आपला मुलगा मागून घेते. राधेला तिथे जागा नाही. दुसऱ्याचं पोर वाढवून, त्याच्यापायी स्वतःचीही घालवलेली ही बाई, युधिष्ठिर तिच्या मुलाला आपला भाऊ म्हणून पाणी देत होता तेव्हा कुठे होती, याचा तर्क करायला आजऱ्याला, कोवाडला किंवा शिवाजी पेठेत कुणीतरी बसावं. दुवे थोडे आहेत, पण आहेत, आणि त्यांत एकही राजा नाही.